शनिवारचा लिंबू-सोडा

सोमवार, २ डिसेंबर

नंदिनीचा फोन सकाळी सातला आला. एरवी तो रविवारी येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवते. आज सोमवारी आला तेव्हाच समजले की काही बातमी आहे.

नाताळच्या सुट्टीत ती आणि कुलदीप पुण्याहून येत आहेत. तीन वर्षांनी. पुढचे वाक्य तिने एका दमात उरकले. "आम्ही भंडाऱ्याला हॉटेलात उतरू, आई. शनिवारी जेवायला येऊ, संध्याकाळी परत."

मी विचारले, "घरात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. तिथे झोप लागत नाही मला." आणि फोन ठेवला.

झोप न लागणे हे कारण नाही. या घरात साडेपाचच्या पुढे कोणी झोपत नाही, हे खरे. पण त्याची सवय तिला लहानपणापासून आहे. खरे कारण मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी यांच्या वर्षश्राद्धाला ती आली होती. निघायच्या आदल्या दिवशी तिची बॅग भरून द्यावी म्हणून मी उघडली, तर टॉवेलात गुंडाळलेली दारूची बाटली. जिन. पाव उरलेली. मी ती तिच्यासमोर मोरीत ओतली आणि बोलायचे ते बोलले. बापाच्या श्राद्धाला दारू आणलीस, बापाचे नाव बुडवलेस. ती नुसती मोरीकडे बघत राहिली आणि सकाळच्या बसने गेली.

माझे चुकले असे मला आजही वाटत नाही. पण पोटची मुलगी तीस किलोमीटरवर हॉटेलात झोपणार, हेही बरोबर नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

विचार केला. त्यांना संध्याकाळी पेय लागते, ते या घरात मिळत नाही, म्हणून हॉटेल. पेय घरात मिळाले तर हॉटेलाचे कारण उरत नाही. तेव्हा ते पेय मीच करणार.

हे लिहून पुन्हा वाचले. वाक्य तेच आहे.

पंधरा वर्षांपूर्वी गावातले दारूचे दुकान बंद करायला बायकांचे मतदान झाले, तेव्हा समितीची अध्यक्ष मी होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आमची आडवी बाटली भरघोस मतांनी निवडून आली. मोर्चाचा फलक यांनी स्वतः रंगवला होता. हे मच्छीमार संस्थेचे सचिव, चित्रकलेशी संबंध नाही. पण बाटली अशी काढली होती की झाकणाच्या कडा, लेबलाची नक्षी, आतली पातळीसुद्धा. समोर नमुना न ठेवता. मी तेव्हाही म्हटले होते, निरीक्षण असावे तर असे.

त्याच घरात मी आता हे करणार आहे. कायदेशीर मार्गाने. दारू पिण्याच्या परवान्याचा अर्ज आजच भरला.

कृती मोबाइलवर सापडली. जिन दोन भाग, लिंबाचा रस एक भाग, साखरेचा पाक एक भागाला थोडा कमी, बर्फ, वर सोडा. सांगणारा दाढीवाला गृहस्थ 'रिफ्रेशिंग' हा शब्द सतरा वेळा म्हणाला, प्रमाण मात्र एकदाच. मी बी.एस्सी. आहे, नागपूर, १९८१, विषय रसायनशास्त्र. यात न जमण्यासारखे काही दिसत नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

परवाना हाती आला. आजीवन काढला. एका दिवसाचाही मिळतो, पण सराव एका दिवसात होत नाही. परवाना कशासाठी, ते त्यावर छापलेलेच असते: प्रकृती राखण्यासाठी. लॅमिनेशन करून घेतले.

मग भंडाऱ्याचे दुकान. डोक्यावरून पदर घ्यावा असा विचार क्षणभर आला. घेतला नाही. ज्याला परवाना आहे त्याने तोंड का लपवावे? रांगेत माझ्यापुढे आसाराम उभा होता. माझा जुना विद्यार्थी, दहावीला विज्ञानात काठावर पास. त्याने मागे वळून पाहिले आणि हातातली पिशवी पाठीमागे गेली.

"नमस्ते बाई. मी तं... सुटे पैसे मागाले आलो होतो."

"परवाना आहे का तुझ्याजवळ?"

उत्तर न देता गेला. शाळेतही असाच जायचा.

दुकानाचे मालक वयस्कर आहेत, सगळे त्यांना भय्याजी म्हणतात. मी परवाना समोर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला.

"मॅडम, माया तीस वर्साच्या धंद्यात कोनी स्वतःहून परवाना दाखवला नाही. प्लास्टिक मारून तं बिलकुलच नाही. बसा ना जी. चहा सांगू?"

"चहा नको. जिन द्या. लिंबाबरोबर जाईल ती."

त्यांनी निळ्या लेबलाची काढली. "अड्याळकडल्या हाव का? तिकडले एक साहेब येत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, टायमाचे पक्के. हेच नेत. म्हनत, भय्याजी, पेपरात अशी बांधा का घरी डाक्टरची दवाई वाटली पाहिजे. लई मजाकी मानूस. चार वर्सं झाले, दिसले नाही."

आडव्या बाटलीनंतरही आमच्या भागातले लोक बाहेरून चोरून आणत होते, याची नोंद घेतली. बायकोला दवाई सांगणारा तो ढोंगी कोण असेल, याचा बसमध्ये अड्याळपर्यंत विचार केला. तीन नावे निघाली.

शनिवार, ७ डिसेंबर

प्रयोग पहिला. शाळेच्या भंगारातून आणलेले मापनपात्र घासून घेतले. लिंबे आठ, पाक गाळून, सोडा अड्याळहून. फ्रीजच्या ट्रेमध्ये बर्फ पुरेसा नव्हता. शेजारची गिरजाबाई तलावाचे मासे विकते, तिच्याकडे बर्फ नेहमी असतो. तिला आणायला सांगितले. ती डबा घेऊन थेट स्वयंपाकघरात आली.

"बाई, एवढे लिंबं कायले पिळून राहिल्या? लोनचं का?"

मग तिला बाटली दिसली. "अवो माय! ही तं साह..." आणि खोकला लागला. बराच वेळ लागला. मी पाणी दिले.

"काय म्हणत होतीस?"

"ही तं साधीसुधी नाही दिसत, मनलं."

तिला सगळे सांगितले. नंदिनी, हॉटेल, योजना. कुठे बोलायचे नाही म्हणून बजावले. ती म्हणाली, "माया पोटात गेलं का तलावात गेलं, बाई. वर येत नाही."

पेय दिसायला उत्तम झाले. वास घेतला, रोहू. तिने मासे ठेवायचा बर्फ आणला होता. स्वच्छ धुतला होता म्हणे. सगळे अंगणातल्या ईडलिंबाच्या बुंध्याशी ओतले. हे झाड यांनी लावले. यांना पित्ताचा त्रास होता आणि दर शनिवारी संध्याकाळी ते या झाडाखाली खुर्ची टाकून लिंबू-सोडा घेत. स्वतःच करत. उंच स्टीलच्या पेल्यात. पेलासुद्धा स्वतः विसळत, मला हात लावू देत नसत. इतका विचार करणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. लिंबू-सोड्याने त्यांना आराम पडत असे. शनिवारी माझी भाजी कशीही झाली तरी तिची स्तुती करत.

सोमवार, ९ डिसेंबर

प्रयोग दुसरा. बर्फ घरचा. प्रश्न असा की चव कोणी पाहायची. लिटमस कागदाने आम्लता कळते, गोडी कळत नाही. गिरजाबाईला बोलावले. तिने पेला एका दमात रिकामा केला आणि पदराने तोंड पुसले.

"कसे आहे?"

"पानी हाय जी. बरं हाय, पन पानी. आमच्या मोहाचा एक घोट घेसान तं..."

"गिरजाबाई, गावात दारूबंदी आहे."

"हाव ना बाई. मी जुन्या काळातलं सांगून राहिली." थोड्या वेळाने म्हणाली, "याच्यात कायं मीठ टाका चिमूटभर. काया मिठाबिगर हे लागत नाही."

"तुला कसे ठाऊक?"

पुन्हा खोकला. तिने छातीचा फोटो काढून घ्यावा असे सांगितले.

गुरुवार, १२ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. हळदीकुंकवाला बायका सहाला येणार होत्या म्हणून प्रयोग तिसरा चारलाच उरकायला घेतला. पण चंद्रकांता साडेचारला आली. माझ्यानंतर समितीची अध्यक्ष ती झाली. मागच्या दाराने यायची तिची सवय मला कधीच आवडली नाही.

बाटली पिठाच्या डब्यात उभी मावेना, म्हणून आडवी टाकून झाकण लावले. टेबलावर कापलेली लिंबे, मापनपात्र, सोडा आणि भरलेला पेला तसाच राहिला. चंद्रकांताने नाक जरासे वर केले.

"हे काय जी बाई?"

चौसष्ट वर्षांत मी एकदाही खोटे बोललेली नाही. तोंडातून निघाले, "पित्तासाठी."

ती पेल्याकडे पाहत म्हणाली, "हाव. तुमच्या घरी पित्त पहिलेपासूनच हाय." आणि काहीच न विचारता समईची वात सारखी करायला गेली. संशय आला नाही, हे देवीचे उपकार. पित्ताचे कारण यांच्यामुळे सुचले. हे दर महिन्याला भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडून औषध आणत. कागदात बांधलेले. आपल्या ट्रंकेत, जुन्या जाळ्यांखाली ठेवत, उजेड लागू नये म्हणून.

बायकांना केळी आणि दूध दिले. पेला देवघराच्या मागे लपवावा लागला. देवीची क्षमा मागितली.

रविवार, १५ डिसेंबर

दुसऱ्याच्या जिभेवर किती दिवस विसंबणार? गिरजाबाईला काहीही द्या, ती पाणी म्हणते. आणि गेल्या दोन दिवसांत ती न बोलावता चार वेळा आली. तेव्हा आज स्वतः चव घेतली. औषधाच्या चमच्याने, एक चमचा. तुरट. नंतर थंड. मग लिंबू. वाईट नाही.

प्रमाण बदलून दुसरा चमचा. मग तुलनेसाठी पहिल्याचा पुन्हा एक. शास्त्रीय पद्धत हीच आहे. एकूण चमचे मोजले होते, आकडा बाजूच्या कागदावर आहे, कागद सापडत नाही.

मला काहीही झालेले नाही. हे लिहिताना ओळ सरळ आहे. वांग्याची भाजी आज फार चांगली झाली आहे. मी उगाच स्वतःला सुगरण समजत नाही. झाडावर एक पक्षी बसला आहे, त्याचे नाव मला माहीत आहे पण आता सांगणार नाही. नंदिनी लहानपणी फार गोड होती. आताही असेल. तिच्या बॅगेला मी विचारून हात लावायला हवा होता.

सोमवार, १६ डिसेंबर

कालची नोंद वाचली. पक्षी कावळा होता.

शेवटचे वाक्य खोडणार होते. राहू दिले.

बुधवार, १८ डिसेंबर

प्रयोग सहावा. आम्लता बरोबर, गोडी बरोबर, काळे मीठ बरोबर. तरी काहीतरी कमी. काय कमी ते समजेना. काचेच्या ग्लासात सोडा उतू जातो म्हणून यांचा तो उंच स्टीलचा पेला मांडणीवरून काढला. त्यात ओतले. तरी नाहीच.

मग मी अंगणात गेले. ईडलिंबाचे एक कोवळे पान तोडले, तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने फटकन मारले आणि पेल्यात टाकले. असे करायला मला कोणी शिकवले नाही. व्हिडिओत पान नाही. हात आपोआप गेला.

वास घेतला आणि पेला पुन्हा नाकाशी नेला. वास ओळखीचा होता, अगदी जवळचा. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकायचो, त्या दिवसांतला काहीतरी. कोणता, ते आठवेना. वय झाले की असे होते.

आता कमी काही नाही. कृती पक्की: पान एक.

शनिवार, २१ डिसेंबर

नंदिनीच्या खोलीत चादर बदलली, उशा उन्हात घातल्या. ती राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. उशांना तरीही ऊन लागतेच.

फोन मीच केला. म्हटले, "शनिवारी वेळेवर या."

"येऊ, आई. पण वाद नको हं. मला खरंच वाद नकोय."

"मी कधी वाद घालते?"

तिने विषय बदलला. "बाबांचं झाड कसं आहे?"

"भरपूर पाने आहेत," मी म्हटले. याहून अधिक सांगणे धोक्याचे होते.

पेय पाहून ती हसेल का चिडेल, याचा अंदाज येत नाही. मी तिला टोमणा मारते आहे असे वाटले तर? तीन वर्षांपूर्वी ओतली, आता ताटात घेऊन आली. हे आधी का नाही सुचले? हॉटेलाऐवजी ती थेट पुण्याला परत जाईल, आणि मग रविवारचा फोनही येणार नाही. तरी करणार. दुसरा उपाय मला येत नाही. बोलून मिटवायचे असते म्हणतात, पण ते मी कधी केलेले नाही आणि सरावाला वेळ उरलेला नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

दोघे भंडाऱ्याला पोचले. हॉटेल चांगले आहे म्हणे. असेल.

शनिवार, २८ डिसेंबर

सविस्तर लिहिते.

दोघे अकराला आले. नंदिनी वाळली आहे. जेवण झाले: भात, तलावाच्या झिंग्यांची भाजी, भाकरी. कुलदीप तीन वेळा "मम्मीजी, मज़ा आ गया" म्हणाला. तो बालाघाटकडचा, पोट भरले की हिंदीत जातो. बोलणे रस्त्याच्या कामावर, थंडीवर. नंदिनी ज्या मोरीशी तीन वर्षांपूर्वी उभी होती, तिथे हात धुवायला गेली नाही. अंगणातल्या नळावर गेली.

चारला त्यांची निघायची चुळबुळ सुरू झाली. मी म्हटले, "बसा. पेय आणते." कुलदीप म्हणाला, "चाय नहीं मम्मीजी, अभी..." मी म्हटले, "चहा नाही."

ताट आणले. दोन काचेचे ग्लास आणि एक स्टीलचा पेला. पेला मी नंदिनीसमोर ठेवला, कारण त्यात सोडा उतू जात नाही. ताटात परवाना ठेवला होता. कुलदीपला म्हटले, "हा माझा. तुझा आहे का?"

"काय, मम्मीजी?"

"पिण्याचा परवाना."

त्याने लॅमिनेट केलेला कागद वाचला, ग्लासाचा वास घेतला आणि उभा राहिला. का उभा राहिला, ते त्यालाही माहीत नसावे. "नंदू," तो म्हणाला, "ये तो जिन है."

नंदिनीने माझ्याकडे पाहिले. मी पाठ केलेले वाक्य म्हटले: "हे आता या घरात मिळते. हॉटेलाची गरज नाही."

तिने पेला उचलला. एक घोट घेतला. पेला खाली ठेवला, आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटले, संपले. ती उठून झाडाखाली गेली. मी मागे गेले. पाक जास्त झाला का, एवढेच विचारले.

"आई, यात पान काहून टाकलंस?"

"वास कमी वाटत होता."

"आणि काळं मीठ?"

"गिरजाबाईने सांगितले."

"गिरजामावशीने!" ती हसायला लागली आणि डोळे भरलेले. "आई, हा बाबांचा लिंबू-सोडा आहे."

मी म्हटले, "त्यांच्या लिंबू-सोड्यात जिन नव्हती."

ती माझ्याकडे पाहत राहिली. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येत असते आणि शेजारणीला लागलेला वेळ ती सोसत असते, तशी.

मग सगळे एकदम आले. पहिला शनिवार. कागदात बांधलेले औषध. उजेड लागू नये. फलकावरची बाटली, झाकणाच्या कडांसकट. भय्याजींचे टायमाचे पक्के साहेब. आणि तो वास. खाटा टाकल्यावर हे माझ्या बाजूला वळून बोलत तो वास. मी त्याला वीस-पंचवीस वर्षे पित्ताचा वास समजले.

"ती बाटली," मी म्हटले.

"माझी नव्हती. बाबांच्या ट्रंकेत होती, जाळ्यांखाली. तुझ्या हाती लागण्याआधी मी नेत होते. आणि पाव उरली होती ना, शेवटची. मला टाकवेना."

"मग तेव्हा सांगितले का नाहीस?"

"तू म्हणालीस, बापाचं नाव बुडवलंस. खरं सांगितलं असतं तर बापाचंच बुडलं असतं. तू पुढे झेंडा घेऊन चाललीस आणि बाबा मागे फलक धरून, हे मला लहानपणापासून... मला ते मोडायचं नव्हतं. पण तुझ्यासमोर दारुडी म्हणून बसायचं, आणि तेच न सांगता या घरात झोपायचं. नाही जमलं."

मला खूप काही विचारायचे होते. विचारले ते असे: "त्यांच्याजवळ परवाना होता?"

मागे कुलदीपला ठसका लागला. सोडा नाकात गेला.

"नव्हता, आई."

"एवढी वर्षे. माझ्या घरात. विनापरवाना."

"मतदानाच्या संध्याकाळी तर दोन पेले घेतले होते. मला म्हणाले, तुझी आई जिंकली, आज एकावर भागत नाही."

तेवढ्यात कुंपणापलीकडून गिरजाबाईचा आवाज. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. "सांगितलं का वो पोरीनं? बरं झालं माय! माया पोटाले नुसती गाठ पडली होती. दर शनिवारी लिंबं मीच देत होती ना साहेबाले!"

"गावात आणखी कोणाला माहीत होते?"

"कोनाले नाही जी. मले, पोस्टमनले, अन् चंद्रकांताबाईले." जरा थांबून म्हणाली, "अन् भजनवाल्याइले. बस."

म्हणजे तुमच्या घरी पित्त पहिलेपासूनच आहे, असे चंद्रकांता त्या गुरुवारी म्हणाली, ते आज समजले. तिने माझी अब्रू समितीत पंधरा वर्षे झाकून ठेवली आणि मी तिला मागच्या दाराबद्दल नावे ठेवत होते.

मी खुर्चीत बसले. यांच्याच. यांचा राग आला, फार आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा तो शनिवारी माझ्या भाजीची स्तुती करून निघून गेलेला. मग मी नंदिनीला म्हटले, "माझे चुकले."

तिने विचारले, "काय?" ऐकू आले होते, पुन्हा ऐकायचे होते.

"एकदाच सांगत असते मी," मी म्हटले. मग पुन्हा सांगितले.

स्टीलच्या पेल्यातले उरलेले तिघांनी घोट घोट घेतले. कुलदीपला परवाना नसल्याने त्याचा घोट लहान.

त्याने हॉटेलाला फोन केला आणि स्वतः जाऊन दोघांचे सामान घेऊन आला.

रविवार, २९ डिसेंबर

साडेपाचला उठले. सवयीने चहा टाकला. मग कपाटातून तीन वर्षांपूर्वीची दैनंदिनी काढली. ती नोंद सापडली: 'नंदिनीच्या बॅगेत दारूची बाटली. मोरीत ओतली. माझे कर्तव्य केले.' लाल शाईचे पेन शोधले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या वह्यांवर चालवले, ते अजून चालते. खाली लिहिले: 'चूक. बाटली यांची. न उघडता तपासलेला पेपर. नंदिनीला पूर्ण गुण.' सही केली, आजची तारीख घातली.

कुलदीप सातला उठून आला. अंगणात पेला उपडा वाळत घातलेला पाहून हळूच म्हणाला, "मम्मीजी, आज संध्याकाळी पण...?"

"आज रविवार आहे," मी म्हटले. "या घरात फक्त शनिवारी."

आठला गिरजाबाई मासे घेऊन फाटकाशी आली आणि नेहमीसारखी ओरडणार, तेवढ्यात मी बोट ओठावर ठेवले. ती समजली. एक रोहू कुंपणावरून दिला आणि पाय न वाजवता गेली.

साडेनऊ झाले. नंदिनी अजून झोपली आहे. तिच्या खोलीचे दार दोनदा ढकलून पाहिले, खिडकीतले ऊन पायांपर्यंत आले आहे.

उठवणार नाही.